सरकारी पैशातल्या एआय मॉडेलचा डेटाही खुला हवा

मा. संपादक,

मेटाचे लामा किंवा चीनचे डीपसीक या एआय मॉडेलांविषयी बातमी आली की त्यांचे वर्णन सरसकट ‘ओपन सोर्स’, म्हणजे कोणीही पाहावे, वापरावे, बदलावे इतके खुले, असे केले जाते. दोन्हींची वेट्स, म्हणजे प्रशिक्षणातून तयार झालेले अब्जावधी आकडे, उतरवून घेता येतात हे खरे. पण ते आकडे ज्या मजकुरावरून तयार झाले, तो मजकूर दोन्ही कंपन्यांनी स्वतःजवळच ठेवला आहे. डीपसीकने जानेवारी २०२५ मध्ये आर-१ हे मॉडेल निदान एमआयटी परवान्याखाली, म्हणजे जवळजवळ विनाअट दिले. लामाच्या परवान्यात मात्र महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी मेटाची वेगळी परवानगी घ्यावी, अशी अट आहे. अशा परवान्याला ओपन सोर्स म्हणणे कोणत्याही जुन्या निकषात बसत नाही.

खरा वाद डेटाचा, म्हणजे प्रशिक्षणासाठी वापरलेल्या मजकुराचा आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २८ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘ओपन सोर्स एआय’ची व्याख्या जाहीर केली. तिच्यानुसार कोड आणि वेट्स खुली असावी लागतात, डेटाबाबत मात्र जाणकाराला साधारण तसेच मॉडेल उभे करता येईल इतकी तपशीलवार माहिती दिली तरी चालते. रुग्णांच्या नोंदी किंवा दुसऱ्याच्या स्वामित्व हक्काचा मजकूर जाहीर करता येत नाही, हे यामागचे कारण खोटे नाही. पण जे देता येत नाही ते न देण्याची मुभा असावी आणि तरीही बिरुद तेच मिळावे, हे मला पटत नाही. वेट्स हाती असली की फाइन-ट्यूनिंग करून, म्हणजे थोड्या नव्या मजकुरावर पुढचे प्रशिक्षण देऊन, मॉडेल हवे तसे वळवता येते, असे यावर सांगितले जाते. वळवता येते, पण ते मुळात असे का वागते याचा छडा त्यातून लागत नाही.

मराठीपुरते पाहू. एखादे मॉडेल ‘मला मदत करा’ऐवजी ‘माझी मदत करा’ असे लिहिते. हे हिंदीवरून यंत्राने भाषांतरित केलेला मजकूर भरल्यामुळे झाले, की आपली मराठी संकेतस्थळेच (दुर्दैवाने) आता तसे लिहू लागली आहेत म्हणून? वेट्स कितीही न्याहाळली तरी हे कळणे जवळजवळ अशक्य, आणि डेटा समोर असेल तर साध्या शोधात कळेल. अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआयने ओल्मो मॉडेलबरोबर त्याचा डेटाही खुला केल्यामुळेच २०२५ मध्ये त्यांना ओल्मोट्रेस हे साधन देता आले. उत्तरातले जे शब्द प्रशिक्षणाच्या मजकुराशी तंतोतंत जुळतात, ते कोणत्या दस्तऐवजात आहेत हे त्यात दिसते. आपल्याकडेही पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने महाबर्ट या मॉडेलबरोबर महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा संग्रहही प्रसिद्ध केला आहे.

खासगी कंपन्यांवर सक्ती करावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले असून त्यातून भारतीय भाषांची मॉडेल घडवणाऱ्यांना सवलतीत संगणनशक्ती मिळते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक आणि लोझान येथील तंत्रविद्यापीठांनी राष्ट्रीय महासंगणक केंद्रासह सप्टेंबर २०२५ मध्ये आपेर्टुस हे मॉडेल डेटाच्या तपशिलांसह खुले केले. सार्वजनिक संस्थांना हे जमत नाही, असे त्यामुळे म्हणता येणार नाही. तेव्हा सवलत घेणाऱ्या प्रत्येक मॉडेलसाठी, जो डेटा कायद्याने देता येतो तो प्रसिद्ध करावा आणि उरलेल्याचा स्रोत, भाषा, प्रमाण व त्यातला यंत्रभाषांतरित भाग किती हे जाहीर करावे, अशी अट करारातच घातली जावी. मॉडेल बाजारात आल्यावर ती घालता येत नाही.

एक वाचक, पुणे