मानशीवर मला न्या

डेल्फ्ट,
९ मार्च २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, माझी तब्येत चांगली आहे. व्हिडिओ कॉलवर आपलं बोलणं जेवलीस का, थंडी किती, बारीक झालीस यातच संपतं आणि सांगायचं असतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. म्हणून लिहायला बसले. आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तूच हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, हे पुढचं तर नाहीच.

पहिल्या डिसेंबरात मी तुम्हाला सांगितलं होतं, परीक्षा बरी गेली. ती बरी गेली नव्हती. मी नापास झाले होते. पाणी कसं वाहतं हे शिकवणारा आमचा मुख्य विषय, त्यात दहापैकी साडेतीन. त्या दिवसांत इथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. निकालानंतर चार दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. आईने मोडलेल्या पाटल्या आणि बँकेचं कर्ज, दुसरं काही डोळ्यांपुढे येत नव्हतं. तुमचा फोन यायच्या वेळेला तोंड धुऊन, दिवा लावून बसायचे. तुमच्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागते. नंतर पुन्हा बसून तो विषय मी सुटवला, तेव्हा आता काळजी नको.

अभ्यास मी कमी केला नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली नाही आणि ती मी विचारली नाही, मग तिच्यावरचं पुढचं काहीच उभं राहिलं नाही. इथे मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात, मधेच थांबवतात, 'हे मला पटत नाही' असं तोंडावर सांगतात. मी वहीत मान घालून लिहीत राहायचे. विचारलं की आपल्याला येत नाही हे उघडं पडतं, असं मला शाळेपासून वाटत आलं होतं.

निकालानंतर आमच्या बाईंनी बोलावून घेतलं. पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "तू गोव्याच्या नदीतल्या बेटावरची ना? खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तुमच्याकडे काय करतात, ते मला समजावून दे." मी कागदावर आपलं खाजन काढलं, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेती. मांडवी नदी, बांध, मानस म्हणजे बांधातली दाराची मोरी, आतली पोंय म्हणजे पाणी साठायचं तळं, शेतं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तसं मानशीचं दार मिटतं, सुकतीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं, असं सांगितलं. इथली जमीन समुद्रापेक्षा खोल, त्यामुळे पाणी उपसून बाहेर काढावं लागतं, पूर्वी पवनचक्क्यांनी, आता विजेच्या पंपांनी. आपल्याकडे ते काम भरती-सुकतीच करते हे ऐकून बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. मग विचारत सुटल्या. दार कुठल्या लाकडाचं? किती वर्षं टिकतं? उधाणाच्या रात्री कोण बघायला जातं? खारं पाणी किती दिवस आत ठेवायचं हे कोण ठरवतं?

मला एकाचंही उत्तर धड देता आलं नाही. बाबा, त्या मानशीपासून हाकेच्या अंतरावर मी वाढले आणि एकदाही रात्री तुमच्याबरोबर तिथे आले नाही. पावणीत, म्हणजे लिलावात, मानशीवरची मासेमारी घेणारा मासळीसाठी दार जास्त वेळ उघडं ठेवतो, शेतात खार चढतो, त्यावरून तुम्ही भांडून घरी यायचात तेव्हा मी खोलीचं दार लावून अभ्यास करायचे.

याहून वाईट वाटावं असंही एक आहे. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असताना बाबा काय करतात असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, संघटनेचं काम बघतात. तुम्ही कुळांच्या संघटनेचे सेक्रेटरी होतात, म्हणजे ते खोटं नव्हतं. पण 'शेतकरी' हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे. एकदा मी डबा विसरले होते. तुम्ही बांधावरून तसेच चिखलाच्या पायांनी फेरीबोटीच्या धक्क्यावर धावत आलात. बरोबर कॉलेजची मैत्रीण होती. मी डबा घेतला आणि तुमच्याकडे न बघता बोटीत चढले. तुम्हाला ते आठवत नसेल. मला इथे आल्यापासून फार वेळा आठवलं.

इथल्या बांधांना मस्करॅट नावाचा घुशीसारखा प्राणी बिळं पाडतो. त्याला पकडायला इथल्या पाणी-मंडळांनी पगारी माणसं ठेवली आहेत, तीच त्यांची नोकरी. वर्गात त्यांची चित्रफीत दाखवली, आणि पावसापूर्वी बांधावर कुर्ल्यांची बिळं पायाने चाचपत, चिखलाने बुजवत जाणारे तुम्ही मला समोर दिसलात. ही पाणी-मंडळं फार जुनी आहेत. ऱ्हाइनलांडच्या मंडळाची सनद १२५५ सालची, आणि आजही लोक मतदान करून मंडळांवर माणसं निवडतात. आपल्या गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराचे, रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतले, म्हणजे ते त्याच्याही आधीपासून चालत आलेले. हे मी आपल्या चोडण बेटावर असताना कधी वाचलं नाही. इथल्या ग्रंथालयात वाचलं.

जुन्या काळी इथे एक कायदा होता. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपत नाही, त्याने बांधात फावडं रोवून गाव सोडायचं. ते फावडं जो उपसेल, जमीन त्याची आणि बांधही त्याच्याच गळ्यात. ते वाचून आपल्या खाजनातली पडीक शेतं आठवली. आपल्याकडे लोक फावडं न रोवताच गेले, आणि बांध सामाईक म्हणून मागे राहिलेल्याचं शेतही खारवलं. मीही तशीच निघाले होते.

गेल्या महिन्यात आम्हाला औवरकेर्क नावाच्या गावाला नेलं. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आणि उधाण एकदम आलं, बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. तिथलं शेवटचं भगदाड नोव्हेंबरात प्रचंड काँक्रीटच्या पेट्या बुडवून बुजवलं, त्याच पेट्यांत आता संग्रहालय आहे. माझ्या शेजारी बांगलादेशातल्या खुलन्याची मैत्रीण होती, माझ्याबरोबर स्वयंपाकघर वाटून घेते ती. २००९ च्या आयला वादळात तिच्या गावचा बांध फुटला तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढची दोन वर्षं भरतीचं पाणी त्यांच्या घराखालून येत-जात राहिलं. ती एका फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, "तुमचा बांध कोण सांभाळतं?" मी म्हटलं, "माझे बाबा." एवढंच म्हटलं, पण ते म्हणायला मला इतकी वर्षं लागली.

आई, तुला वाटेल पत्र सगळं बाबांनाच आहे. तसं नाही. खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या भाताची इथे चर्चा निघाली तेव्हा मी कोरगुटाचं नाव घेतलं. बी कुणी राखलं असं विचारलं, तर मी तुझं सांगितलं. वेगळ्या कणगीत ठेवायचीस, आम्हाला हातही लावू द्यायची नाहीस. ते कसं निवडायचीस, कुठली लोंबी बाजूला काढायचीस, ते मात्र मला ठाऊक नाही. तुलाही मी कधी काही विचारलं नाही.

मोपाच्या विमानतळावर माझ्या हातात सोलांची पिशवी देऊन तू म्हणाली होतीस, "आहेस तशीच परत ये." ते मला जमलेलं नाही गं. मी आता विचारते, अडून बसते, पटलं नाही तर पटलं नाही म्हणते. चवथीला मामांसमोर असं काही बोलले तर तुला अवघड होईल, हे कळतं मला. पण पुन्हा गप्प बसणारी मुलगी व्हायचं म्हटलं तरी आता व्हायला येणार नाही, आणि हे तुला आधीच सांगितलेलं बरं.

माझा प्रबंध मी आपल्या खाजनावर करायचं ठरवलं आहे. ८ मेला घरी पोचते. दोन वह्या प्रश्नांनी भरल्या आहेत. सगळे तुम्हा दोघांसाठीच. १२ मेला पौर्णिमा आहे, उधाण असेल. बाबा, त्या रात्री मला मानशीवर न्या. सुकती लागून दार उघडेपर्यंत थांबू. तुमचा गुडघा दुखत असेल तर मधे बसत बसत जाऊ, मला घाई नाही. आई, तूही रात्री तिथे कधी गेली नसशील. तूही चल. विजेरीत नवे सेल घालून ठेवा, आणि जुनं दार बदललं तेव्हाच्या फळ्या माळ्यावर असतील तर मी येईपर्यंत कुणाला देऊ नका.

तुमची,
बाय