निळूभाऊंच्या नावाने आता दगड नको

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

निळू फुले यांची जन्मशताब्दी जवळ आली आहे. तुमच्या खात्यात तिची फाइल उघडली असेल-नसेल, पण एकदा उघडली की पुढचं सगळं आम्हाला पाठ आहे. समिती, बोधचिन्ह, पुतळ्याची मागणी, एखाद्या चौकाचं नामकरण. म्हणून आधीच लिहितो.

पिंपळे गुरवला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहेच, 'नटसम्राट निळू फुले रंगमंदिर'. 'नटसम्राट' नाटक गाजवलं ते डॉ. श्रीराम लागूंनी. आपल्या नावामागे ही पदवी बघून निळूभाऊ काय बोलले असते, ते सरकारी पत्रात लिहिता येणार नाही! असो. नाव दिलंत, ते पुरे झालं.

हा माणूस पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होता. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकात घडला. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'ने त्याला नाव मिळालं आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा पडद्यावर आला. त्यानंतर गावोगावच्या तंबूत पाटील, सरपंच, सावकार म्हणजे निळू फुले हे ठरूनच गेलं. आमच्या भागातल्या बायका पडद्याकडे बघून बोटं मोडायच्या. माझ्या आजीला तर हा माणूस घरी बायको-मुलीत रमत असेल हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांची मुलगी गार्गी पुढे मालिकेत सोशिक आईच्या भूमिकेत दिसली, तेव्हा 'ही निळू फुल्यांची?' म्हणून लोक चाट पडले होते.

आज त्या सगळ्या कामातून उरलंय काय? मोबाइलवर फिरणारं 'बाई, वाड्यावर या'. लग्नाच्या वरातीत त्यांची नक्कल करणाऱ्या पोरांनी 'सामना' पाहिलेला नसतो. त्यांना दोष कसा द्यायचा? बघायचा म्हटलं तर मिळते ती कॉपी धुरकट, डोकी कापलेली, कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का. 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातला हिंदूराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आरडाओरडा करत नाही. समोरच्या मास्तरला तो आधी पाहुणचाराने बांधतो. आवाज खालच्या पट्टीत, मान जराशी कलती, आणि ओठावर हसू असताना डोळे मात्र हिशेब करतायत. गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव निघालं की त्या चेहऱ्यावर काय होतं, ते धुरकट कॉपीत दिसतच नाही. तिथे नुसता फेटा दिसतो.

आणि 'सिंहासन' तर तुमच्या मंत्रालयावरचाच. १९७९ सालचा. त्यात निळूभाऊ पाटील नाहीत, मंत्रीही नाहीत. दिगू टिपणीस हा पत्रकार आहेत. सगळ्यांचं ऐकणारा, सगळं कळलेला आणि शेवटी त्या कळण्यानेच वेडापिसा होणारा. इरसाल पाटलाचा शिक्का बसलेल्या नटाने एवढा गप्प माणूस उभा करावा! मंत्रीमहोदय, एकदा सवडीने बघा. पक्षाचा प्रश्न नाही, सगळ्यांनाच लागू पडतो.

तेव्हा मागणं एवढंच. शताब्दीचा निधी सिमेंटात घालू नका. त्यांचे किती चित्रपट निगेटिव्हसह शिल्लक आहेत, किती नुसत्या प्रिंटवर, हक्क कुणाकडे, याची यादी आधी करा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे. ते केंद्राचं असलं तरी बोलायला दिल्लीला जावं लागत नाही. चित्रनगरीचं महामंडळ तर तुमच्याच खात्याचं. निर्मात्यांच्या वारसांना रीतसर मोबदला द्या, चित्रपट स्वच्छ करून घ्या आणि तालुक्याच्या गावी दाखवा.

अजून एक. लागू, निळूभाऊ आणि मंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पूर्णवेळ चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरात महिन्याला चार पैसे जावेत म्हणून. स्वतः नाव कमावलेल्या नटांनी इतरांच्या चुलीचा विचार केला. तुमच्या खात्याची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला ५,००० रुपयांची. रक्कम वाढवलीत, चांगलं केलंत. पण माझ्या ओळखीचे एक ढोलकीवाले आहेत. फडात आयुष्य गेलं, आता गुडघे गेलेत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला त्यांना रिक्षा करून जावं लागतं आणि मधले काही महिने पैसे आलेच नाहीत तर विचारायचं कुणाला, तेही कळत नाही. टेबलावरचा माणूस म्हणतो, 'वरून आलं नाही.' हे 'वर' म्हणजे तुम्हीच ना? त्या दाखल्यासाठी ग्रामसेवकाला घरी पाठवता येईल, आणि मानधन ठरल्या तारखेला जमा होईल एवढंही बघता येईल. निळूभाऊंच्या नावाने काही करायचंच तर हे करा. याला उद्घाटन लागत नाही, हीच काय ती अडचण.

चित्रपट तयार झाले की आमच्या तालुक्याचा विचार करा. पहिला खेळ 'सामना'चा ठेवा. फुकट नको, तिकीट लावा. लोक येतील.

आपला,
एक प्रेक्षक, जि. सातारा