खोगीर विकायला नकार देणाऱ्या नानांना

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून, घडी करून गल्ल्यात ठेवलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. शहादा-तळोद्याकडच्या, शिरपूर-चोपड्याकडच्या घोडेवाल्यांच्या नजरेखालून ते जावं, म्हणून इथं उघड्यावर लिहिते आहे. रागावू नका. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही.

आभार खोगिराचे आहेतच, पण त्याआधीचे आभार तुम्ही ते विकलं नाहीत याचे. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा, दत्तजयंतीची गर्दी, बाबांच्या हातात रोख पैसे, आणि तुम्ही दुकानात टांगलेलं एकही खोगीर खाली उतरवलं नाहीत. "घोडी कोठे शे?" एवढंच विचारलंत. घोडी गावाकडे आहे कळल्यावर म्हणालात, "मंग खोगीर बी आठेच राहू द्या." बाबांना ते लागलं होतं. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार त्यांनी त्या जत्रेत पहिल्यांदाच पाहिला.

आमच्याकडे घोडा घेताना माणसं काय काय बघतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. कानांची टोकं जुळतात का, केसांचे भोवरे कुठे आहेत, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, हलगीवर पाय कसा उचलतो. जनावरावर लाखांत बोली लावतात आणि निघताना शेवटच्या दुकानातून, उरलेल्या पैशांत बसेल ते खोगीर उचलतात. जनावराच्या पाठीवर रोज जी वस्तू राहणार, तिचं माप घ्यायचं असतं हे कुणाच्या मनातही येत नाही. बाराबंदी शिवायची तरी शिंप्याकडे जातो आपण.

आमची कुमेद, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी आली तेव्हा विकणाऱ्यानं खोगीर सोबतच दिलं होतं. पाठीच्या दोन्ही बाजूंना, आयाळ संपते त्या उंचवट्याखाली, पांढऱ्या केसांचे ठिपके होते. जन्मखूण आहे, असं त्यानं सांगितलं. पुढे तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की घोडी दात विचकायची, कान मागे टाकायची, शेपटी झटकायची. चढल्यावर मान वर आणि पाठ खाली. तिची रेवाल, म्हणजे बसणाऱ्याला धक्का न देणारी चाल, जिच्यासाठी बाबांनी तिला घेतलं होतं, ती कुठे गेली कळेना. उतारावर पाय अडखळायचा. गावात निदानं भराभर झाली. कुणी म्हणालं भोवरा वाईट, कुणी म्हणालं बाईमाणसाच्या हातानं बिघडली. (ती बाईमाणूस मी.) बहुतेकांचं एकमत होतं की घोडी खोडील आहे, पुढच्या जत्रेत काढून टाका.

मग घोडीलाच बघायला तुम्ही एसटीनं शहाद्याला उतरलात, खांद्याला पिशवी, आणि गाडी पाठवतो म्हटलं तरी रिक्षानं आलात. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला. तुमचा पहिला प्रश्न होता, जनावरांच्या डॉक्टरांनी तिला पाहिलंय का. दात, खूर, पाय, सगळं. प्रत्येक दुखण्याचं खापर खोगिरावर फोडायचं नाही, हे तुम्ही अगोदरच बजावलंत. डॉक्टरांचा कागद वाचूनच खळ्यात आलात, कारण सपाट जमीन तिथेच होती.

त्यानंतर जे केलंत ते मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण हे शिकवणारं इकडे कुणी नाही.

घोडीला चारही पाय सारखे टेकवून, मान सरळ ठेवून उभं करायला लावलंत. मागच्या बाजूला बाकड्यावर चढून वरून पाठ बघितलीत. डावा फरा (खांद्याचं पातं) उजव्यापेक्षा किंचित भरलेला निघाला. पुष्कळ घोड्यांचं असंच असतं म्हणालात. मग मणक्याच्या दोन्ही अंगांनी तळहात दाबत मागे गेलात. उंचवट्याच्या मागे हात पोचताच तिनं पाठ चोरली, आणि तिथेच तुम्ही मला म्हणालात, "खोडील नई शे ती. तिनी पाठ दुखी राहिनी."

पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलंत. जन्मखूण नव्हेच. एकाच जागी खोगीर दाबत राहिलं की तिथलं रक्त नीट फिरत नाही, केसाच्या मुळाशी इजा होते आणि नवा केस पांढरा उगवतो. बहुधा तो पांढराच राहतो. म्हणजे आमच्या आधीपासून ती हे सोसत होती.

खडूनं फऱ्याच्या मागच्या कडेवर रेघ ओढलीत आणि मला तिचा पुढचा पाय धरून पुढे घ्यायला सांगितलंत. फऱ्याचं हाड रेघेच्या मागे सरकलेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात, आणि प्रत्येक पावलाला फरा असा मागे येतो. खोगिराचं पुढचं टोक त्याच्यावर चढलेलं असेल तर जनावर पाऊल आखडतं घेणार. आमची रेवाल तिथे अडकली होती. दुसरी रेघ शेवटच्या बरगडीची. बरगड्या अठरा जोड्या; भार त्यांच्यावर, फऱ्याच्या मागून शेवटच्या बरगडीपर्यंतच टाकायचा. त्याच्यामागे कंबर, तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. या दोन रेघांच्या मधली जागा बघून बाबा म्हणाले, "एवढीच?"

एवढीच. मारवाडी घोडी, पाठ आखूड.

मग जुनं खोगीर नमद्याशिवाय, म्हणजे खालच्या लोकरी घडीशिवाय, ठेवलंत. पुढच्या कमानीखाली, उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटं तरी मोकळी जायला हवीत, ती गेली. म्हणून बाबांना वाटलं ठीक आहे. तुम्ही हात बाजूनं घातलात आणि माझाही घालायला लावलात. दोन्ही अंगांना खोगिराचा आतला सांगाडा इतका चिंचोळा की बोटं चेपली. खोगीर पाठीवर बसलंच नव्हतं, पुढून वर अडकलं होतं. मधे हात आरपार गेला, म्हणजे भार फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाला. मणक्यावरची, खोगिराच्या दोन गाद्यांमधली मोकळी नाळ मागे जाता जाता इतकी अरुंद होत होती की गाद्या हाडाला लागत होत्या. आणि याच्याखाली सगळे सांगतात तसा आम्ही जाड नमदा घालत होतो. त्यावर तुम्ही बाबांना विचारलंत, बूट अंगठ्याला चावत असला तर त्यात दुसरा मोजा घालता का?

बाबांच्या कंबरेचं काय, हे तुम्ही विचारलंत तेव्हा आई आतून बाहेर आली. घोडीच्या दुखण्याशी नवऱ्याच्या कंबरेचा संबंध असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. खोगीर पुढून वर उठलेलं, त्यामुळे बसणारा मागे घसरतो. रिकिबी फार पुढे लावलेल्या, म्हणून पाय पुढे, बूड मागे. माणूस तोल धरायला लगाम ओढतो, घोडी मान वर करते, पाठ अजून खाली दबते, मग माणसाला धक्के बसतात. दोघंही एकमेकांना दुखवत होते आणि दोघांनाही दोष दुसऱ्याचा वाटत होता.

बाबांना बाकड्यावर बसवून कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलंत. नंतर माझं. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर जास्त असतं, पुरुषाच्या मापाची अरुंद बैठक त्यांना पुढून काचते, हे सांगताना तुम्ही माझ्याकडे न बघता आईकडे बघून बोललात. नाना, अवघडू नका. पुण्यात घोड्यावर बसायला शिकले तेव्हा मांड्या सोलून निघायच्या आणि सगळे म्हणायचे सवय होईल. ही गोष्ट मला तेव्हाच कुणी सांगायला हवी होती.

एकाच खोगिरावर आम्ही दोघं बसणार, हा पेच तुम्ही फार झटपट सोडवलात. पाठ घोडीची, बैठक जो जास्त बसतो त्याची, बाकीच्यानं रिकिबीचे पट्टे जुळवून घ्यावेत. बैठक माझ्या मापाची झाली. वजनाचंही सांगितलंत: खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावं, म्हणजे 350 किलोच्या घोडीवर 70. बाबांनी पोट आत ओढलं. तेव्हापासून पपईच्या वावरात ते बरेचदा पायी जातात, आणि तो तुमच्या भेटीचा सर्वांत मोठा फायदा आहे असं आईचं मत आहे.

लवचिक तार पाठीवर तीन ठिकाणी दाबून तिचा आकार वर्तमानपत्रावर उतरवलात, तारीख टाकलीत, आणि तो कागद पिशवीत गेला. तेव्हा मला वाटलं काम झालं. ते तर निम्मंही नव्हतं.

कानपूरचा सांगाडा मागवलात. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे, ती परदेशात जातात, हे मला माहीत होतं. पण तिथला बराच माल बाहेरच्या रुंद पाठीच्या घोड्यांसाठी बेतलेला असतो आणि तोच आपल्या उंच खांद्याच्या मारवाडी-काठेवाडी जनावरांवर चढवला जातो, ही तुमची तक्रार मी पहिल्यांदा ऐकली. सांगाडा आमच्या तारेच्या आकाराला जुळवलात. गाद्या रबराच्या न करता लोकरीच्या केल्यात, कारण लोकर काढता-घालता येते. आणि भरण मुद्दाम कच्चं ठेवून खोगीर आमच्या स्वाधीन केलंत: बसा, घाम येऊ द्या, मग बोलवा.

घामाचा धडा तर मी आता गावातल्या पोरांना शिकवते. फेरी मारून आलं की खोगीर उतरवायचं आणि पाठ पुसायच्या आधी बघायची. दोन्ही अंगांना ओल सारखी हवी, मधे मणक्यावर कोरडा पट्टा हवा. ओल्या भागात मधेच कोरडं बेट दिसलं तर तिथे एक तर खोगीर फार दाबतंय नाही तर टेकतच नाही. हात दाबून बघितलं की कोणतं ते जनावर सांगतं. आमच्याकडे डावीकडे तसं बेट निघालं. तुम्ही परत आलात, डाव्या भरलेल्या फऱ्यासाठी त्या बाजूची थोडी लोकर काढलीत, उजवीकडे चिमूट-चिमूट घातलीत. कान गादीला लावून, सुयेनं चाचपत. मला ते सतार जुळवताना बघितल्यासारखं... जाऊ दे, तुम्हाला असं बोललेलं आवडत नाही. मजुरी घेतली नाहीत, हे मात्र लिहिणारच.

आता तंग आवळताना ती उभी राहते. एकदम नाही झालं हे. दुखण्याची आठवण जनावराला पुष्कळ दिवस असते, तुम्ही सांगितलंच होतं. तुमच्या सांगण्यावरून तंग एका झटक्यात न आवळता दोन-तीनदा, थोडं चालवून, आवळतो. कोपरामागे चार बोटं सोडतो. चढतो ते ओट्यावरून. जमिनीवरून लोंबकळून चढलं की सांगाडा पिळतो आणि डावा रिकीबपट्टा लांबतो, म्हणून पट्टे अधूनमधून डावे-उजवे बदलतो. रेवाल परत आली. बाबा वावराच्या बांधावरून तिच्यावर येतात तेव्हा हातातला चहा सांडणार नाही, असं ते सगळ्यांना ऐकवतात. अजून कुणी चहा देऊन बघितलेला नाही.

पांढरे केस आहेत तसेच आहेत.

पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन ती चांगलीच सुटली आहे. तुमची तार मी वापरून पाहिली. वर्तमानपत्रावरच्या जुन्या रेघेपेक्षा नवी रेघ रुंद येते. पाठ ऋतूप्रमाणे, चाऱ्याप्रमाणे, कामाप्रमाणे बदलते आणि लोकरही पहिल्या काही महिन्यांत बसते, म्हणून सहा महिन्यांनी बघायचंच, असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा जत्रेच्या आधी एकदा यावं लागेल. आल्यावर शिंगरूही बघा. बाबा त्याच्यासाठी आत्तापासून खोगीर हवं म्हणताहेत. त्याची पाठ अजून वाढायची आहे हे मी सांगून थकले. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. आई म्हणते, खापरावरचे मांडे करते, वेळ काढूनच या. दादर ज्वारीचं एक पोतं बाजूला काढून ठेवलंय, ते परत न्यायला सांगू नका.

आणि यंदा जत्रेत दुकान कोणत्या बाजूला लावणार ते आधी कळवा. आमच्या शिवारातले चौघं-पाच जण तुमच्याकडे यायचं म्हणताहेत. त्यांना मी सांगून ठेवलंय, घोडी सोबत आणा, नाही तर नाना खोगिराला हातही लावू देणार नाहीत.

तुमची,
कुमेद घोडीवाली
(शहादा तालुका)