लिंटेलच्या भेगेत बोट घालून काही कळत नाही

संपादक महोदय,

दुरुस्तीसाठी दारावरचा गिलावा उतरवला आणि जुनी लाकडी लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारी आडवी तुळई, उघडी पडली, की पुढचा संवाद ठरलेला. मिस्त्री भेगेत टॉर्च मारतो, ‘बघा, बोट जातंय आत’ म्हणतो आणि घरमालक घाबरून लोखंडी गर्डर मागवतो. जुन्या बांधकामांची तपासणी हेच माझं काम. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती कुठे आहे आणि कुठल्या दिशेला धावते, हे आधी पाहायचं असतं.

लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वाळताना ते खोडातल्या वाढीच्या कड्यांच्या दिशेने गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून जाड तुळईच्या दर्शनी बाजूला लाकडाच्या रेषांना समांतर लांबलचक भेग पडते. बहुतेकदा ती तुळई वाळत असतानाची असते. आत धूळ, काळवंडलेल्या कडा, जुन्या रंगाचे ओघळ दिसतील. रंग भेगेत उतरलाय, म्हणजे भेग रंगाच्या आधीची. ती कोरड्या हवेत थोडी उघडते, दमट हवेत मिटते. तिला बहुधा काहीही करावं लागत नाही. सिमेंट तर मुळीच भरू नये. लाकूड फुगतं तेव्हा सिमेंट जागचं हलत नाही आणि पाचर मारल्यासारखी भेग वाढते.

चिंता करायची ती रेषा तोडून आडव्या गेलेल्या तड्याची, विशेषतः मध्यावर खालच्या अंगाला. कुसळं बाहेर आलेली, आतलं लाकूड फिकट आणि ताजं असेल, तर आधी टेकू लावा, बाकीचं नंतर. खालच्या कडेला मोठी गाठ असेल किंवा वायरीसाठी कुणी खाच मारली असेल, तर तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. (खाच मारणाऱ्याला कधी कुणी जाब विचारत नाही, ते असो.) तिरक्या रेषांबरोबर जाऊन खालच्या कडेतून बाहेर पडणारी भेग आणि टोकापाशी आरपार गेलेली भेग, या दोन्ही इंजिनीअरला दाखवाव्यात.

माझ्या पाहण्यात मात्र लिंटेल दगा देते ती बहुतेकदा भिंतीत गाडलेल्या टोकांशी, आणि तिथे कुणी बघतच नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजण्याला वाव मिळतो आणि ओल्या भिंतीतलं टोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. टोकापाशी पेचकस रोवून रेषांना आडवा उचकवा. निरोगी लाकडाची लांब काडी चरचरत निघते. कुजलेल्याचा आखूड तुकडा आवाज न करता मोडून हातात येतो. वाळवी असेल तर हातोडीच्या टोल्याला बद्द आवाज येतो.

आणखी एक. सलग, चांगल्या वीटकामात लिंटेलवर सहसा वरच्या त्रिकोणाएवढ्याच भिंतीचा भार येतो, बाकीचा कमानीसारखा बाजूंना उतरतो. दुरुस्तीत त्याच त्रिकोणात एसीसाठी भोक पाडलं, की हा हिशेब मोडतो. अशा वेळी निर्धोक भेगेचाही पुन्हा विचार करावा लागतो.

शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, म्हणजे भेग पुढे सरकली तर कळेल, आणि ती झाकणारं फॉल्स सीलिंगचं काम काही महिने थांबवावं. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.

– एक स्ट्रक्चरल इंजिनीअर