प्रवेशाआधी पगाराचा आकडा सांगा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी जिल्हा रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. बारावीचा निकाल लागला की गावातले आईबाप माझ्या ओट्यावर येऊन बसतात. 'सिस्टर, पोरीला एएनएम लावू की जीएनएम? की डीएमएलटी बरं?' एएनएम म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, २ वर्षं; जीएनएम म्हणजे परिचारिकेचा, ३ वर्षं; डीएमएलटी म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा; नोंदणी कुठे होते, एवढं मी सांगते. पण 'एवढा पैसा घातल्यावर पोरगी कमावेल किती?' असं विचारलं की मी गप्प होते. कुठल्याही संस्थेच्या माहितीपुस्तकात हा आकडा मी आजवर पाहिलेला नाही.

शेजारच्या वाडीतल्या एका मुलीने खासगी शाळेतून जीएनएम केलं. फी, वसतिगृह, मेस, गणवेश, परीक्षा, क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचा, रोजचा प्रवास. आईचे दागिने गहाण पडले, अर्धा एकर गेला. मुलगी पास झाली, परिचर्या परिषदेत नोंदणीही झाली. शहरातल्या ३० खाटांच्या रुग्णालयात लागली. हातात ९ हजार, त्यातूनच खोलीभाडं. नाइटला अख्ख्या मजल्यावर ती एकटी. सोडते म्हणाली, तर मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या कपाटात कुलूपबंद. फार गुणी मुलगी आहे. ती सुई टोचते तेव्हा लेकरू रडत नाही. तिचं शिक्षण वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण हे आधी कळलं असतं, तर शासकीय परिचर्या शाळेच्या यादीसाठी तिची आई आणखी एक वर्ष थांबली असती.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयानेही परिचारिकेला महिना किमान २० हजार द्यावेत आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके. आमच्या तालुक्यात हा आकडा पास होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींनाही ठाऊक नाही. सरकारी आरोग्य अभियानात लागल्या तरी बहुतेकींच्या वाट्याला ११ महिन्यांचं कंत्राट.

आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'दहावी पास, ६ महिन्यांत नर्स' या जाहिराती! त्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषद नोंदणी करत नाही, हे पैसे भरून झाल्यावर कळतं.

साहेब, माझी मागणी एकच आहे. प्रत्येक नर्सिंग आणि पॅरामेडिकल संस्थेने प्रवेशाआधी दारावर फलक लावावा. सगळा कोर्स मिळून खर्च किती, मागच्या ३ तुकड्यांतल्या किती जणी पास झाल्या, किती नोंदल्या गेल्या, किती नोकरीत आहेत आणि किती पगारावर. पगार तोंडी सांगितलेला नको, बँक खात्यात जमा होणारा हवा. माहिती खोटी निघाली तर पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवावेत.

प्रवेशाची पुढची फेरी सुरू होण्याआधी हा आदेश निघावा. ओट्यावर आलेल्या आईला मला तो फलक वाचायला पाठवायचं आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिचारिका