प्लास्टर निघालं म्हणजे हाड तयार झालं असं नाही गं

प्रिय सोनू,

हाताच्या एक्सरेत मोडलेल्या जागी दिसणारा गोळा कायमचा राहणार का, हे तू विचारलंस आणि उत्तर ऐकायच्या आधीच फोन ठेवलास, म्हणून लिहितेय. नाही राहत, बराचसा जातो. मोडलेल्या जागी शरीर आधी घाईघाईत कच्चं हाड भरतं, तोच तो गोळा, त्याला कॅलस म्हणतात, आणि मग कित्येक महिने, कधी काही वर्षंसुद्धा, ते तासून आकारात आणत बसतं.

तासतात त्या ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातल्याच, बऱ्याच जणी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते, ती हाडाला चिकटून अ‍ॅसिड सोडते, खनिज विरघळवते, मग एन्झाइमने हाडातलं कोलॅजन हे प्रथिनही संपवते. ऐकायला भयंकर वाटतं ना, पण हे तुझ्या धडधाकट हाडांतही कायम चालू असतं, मोठ्या माणसाचा साधारण 10 टक्के सांगाडा दरवर्षी असाच नवा होतो. मागून ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी, येतात आणि पडलेला खड्डा भरतात. फक्त खड्डा पडायला लागतात काही आठवडे आणि भरायला काही महिने, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटतात त्या ऑस्टिओसाइट. भरता भरता काही ऑस्टिओब्लास्ट स्वतःच हाडात गाडल्या जातात, मरत मात्र नाहीत, बारीक नळ्यांमधून फांद्या पसरून एकमेकींशी बोलत वर्षानुवर्षं तिथेच राहतात, हाडातल्या 90 टक्क्यांहून जास्त पेशी याच. हाडावर जोर आला की नळ्यांतला द्रव हलतो, तो यांना कळतो, मग त्या स्क्लेरोस्टिन कमी सोडतात. हे स्क्लेरोस्टिन म्हणजे बांधकामाला ब्रेक, तो सुटला की हाड भरायला लागतं. आणि जोरच नसेल तर उलटं, अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्के कमी होते!! प्लास्टरमध्ये तुझा हातही रिकामाच बसला होता की.

तेव्हा फिजिओने दिलेला व्यायाम कंटाळवाणा असला तरी रोज कर, दुखतंय म्हणून अर्धा सोडू नकोस, खूपच दुखलं तर त्यांना सांग. बॅडमिंटनचं मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नावही काढायचं नाही, आणि पुढच्या एक्सरेची तारीख बाबांना नाही, मला कळव, ते विसरतात.

तुझी आई