कुणाला त्रास नको, हे आता पुरे

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि बाबा शेजारी बसलेले असले की आई, तुझं "सगळं ठीक आहे"च्या पुढे गाडं जात नाही. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही आधी स्वतः वाचाल आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवाल, मधली वाक्यं गाळून. गाळू नका.

आई, आधी तुझ्या मनगटाचं. दसऱ्याला तव्याची कड लागून भाजलं होतं ना? परवा व्हिडिओ कॉलवर तू पदर सावरलास तेव्हा पट्टी अजून तिथेच दिसली. ते डॉक्टरांना दाखव, शुगरही तपासून घे, त्यात चालढकल नको. पण मला आणखी एक शंका आहे. १९९५ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटा अभ्यास केला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी सेवा करणाऱ्या १३ बायका, आणि साधारण त्याच वयाच्या पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर सारख्याच मापाची बारीकशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सेवा करणाऱ्यांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. २६ बायकांवरून काही नियम ठरत नाही, हे मलाही कळतं. पण ताण आणि जखम भरणं यांचा संबंध पुढेही अनेकदा दिसला आहे. माणूस सतत धास्तीत असला, झोप तुटत राहिली, की शरीरातली दुरुस्तीची कामं रेंगाळतात.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू रात्री किती वेळा उठतेस ते तू सांगत नाहीस. समोरच्या वहिनींना तुमच्या खोलीतला दिवा दिसतो, त्या सांगतात. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी तुला दोनदा विचारलं म्हणे, दुपारी तासभर येऊन बसू का म्हणून. तू काय म्हणालीस तेही मला कळलं: "छे छे, तुम्हाला कशाला त्रास." अगं, त्या बाईला आपण होऊन यायचंय! त्यांची दोन्ही बाळंतपणं झाली तेव्हा डिंकाचे लाडू कुणी करून दिले होते? ते त्या विसरल्या नाहीत, तूच विसरलीस.

आता बाबा. तुम्हाला आकडे लागतात, म्हणून आकडे देते. २०१० साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी तोवर झालेले १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. तीन लाखांहून अधिक माणसं, आणि सरासरी साडेसात वर्षांचा मागोवा. ज्यांना घरचे, मित्र, शेजारी यांचा चांगला आधार होता त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे परिणामाचा आकार जवळपास सिगारेट सोडण्याएवढा.

तुम्ही लगेच चष्मा वर करून म्हणाल, "आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून एकटा पडतो. यात एकटेपणामुळे आजार कुठे सिद्ध झाला?" प्रश्न बरोबर आहे. बँकेत कर्जाच्या फाइलीही तुम्ही अशाच उलट्या बाजूने वाचायचात. म्हणून बऱ्याच अभ्यासांत सुरुवातीची तब्येत, वय वगैरेंचा हिशेब धरलेला असतो, आणि तो धरूनही फरक उरतो. आणि कारणं काही गूढ नाहीत. चार माणसांत वावरणाऱ्या माणसाच्या पायाला सूज आली की कुणीतरी विचारतं. गोळी चुकली तर कुणीतरी ओरडतं. चालायला कुणी सोबत असलं की चालणं होतं. बोलण्या-भांडण्यात डोकं चालू राहतं. तुमचा फिजिओथेरपिस्ट काय म्हणाला, ते मी त्याला फोन करून विचारलंय. व्यायाम पंधरा मिनिटं होतो आणि उरलेला दिवस तुम्ही खुर्चीत असता.

विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला फिरून झाल्यावरचा तुमचा कट्टा तुम्ही ऑपरेशनच्या आधीच सोडला होता, हे आईने मला सांगितलंय. खुब्याचं नुसतं निमित्त. खरं कारण कान. कुणी विचारलं एक आणि तुम्ही उत्तर दिलं भलतंच, मंडळी हसली, आणि तुम्हाला लागलं. आता तीच मंडळी घरी भेटायला येतात तर तुम्ही डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेता. कानाचं मशीन शोकेसच्या खणात, डबीत, सेलसकट पडून आहे. कमी ऐकू येणं आणि माणसांतून तुटणं, या दोन्ही गोष्टी डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या कारणांच्या यादीत आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांची ती यादी २०२४ साली १४ कारणांची झाली. त्यातल्या या दोन अशा, की एक दुसरीला ओढत आणते. पहिले काही आठवडे मशीनमध्ये भांड्यांचा आवाज कर्कश वाटतो. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून रोज थोडं थोडं वाढवत घालायचं असतं.

दादा म्हणतो, दोघांनी बेंगळुरूला यावं. त्याच्या मायेत खोट नाही. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, शेजारी हॉस्पिटल आहे. पण ते दोघं सकाळी आठला बाहेर पडतात, मुलं शाळेत, आणि सोसायटीत कुणाच्या दारावर टकटक करायची तर आधी मोबाइलवर मेसेज टाकावा लागतो. माझं मत विरुद्ध आहे आणि ते मी त्याला सांगितलंय. तुमची माणसं सांगलीत आहेत. औषधं दुकानात कुठेही मिळतील. भाजीवालीने "काका कसे आहेत?" म्हणून आत डोकावणं बेंगळुरूत मिळायचं नाही. मात्र सांगलीत राहायचं आणि दारं लावून घ्यायची, असं असेल तर मग दादाचंच बरोबर. मग लिफ्ट तरी मिळेल.

सगळीच माणसं औषधासारखी नसतात, हेही लिहून टाकते. आपल्या नात्यातली ती एक बाई (नाव लिहीत नाही, बाबा मोठ्याने वाचतील) येऊन "आता या वयात हाड काय जुळतंय" म्हणून गेली, त्या रात्री बाबांचं बीपी किती होतं ते वहीत लिहिलेलं आहे. तिला चहा द्या आणि वाटेला लावा.

आता मुख्य मुद्दा, बाबा, आणि हा खास तुमच्यासाठी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला. २००३ साली ते छापून आलं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: कोण मदत घेतो आणि कोण देतो. जे मित्रांना, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना मदत करत होते किंवा आपल्या जोडीदाराला मनाचा आधार देत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. नुसती मदत घेण्याने तसा फायदा दिसला नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, कारण २०१९चा पूर मी पाहिलाय. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभागातली तुमच्या ओळखीची माणसं आपल्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपत होती, आई भाताचं मोठं पातेलं चढवत होती, तुम्ही दिवसभर पाण्याचे कॅन आणि मोबाइल चार्जिंगच्या रांगा सांभाळत होतात. तुमची गुडघेदुखी त्या दिवसांत कुठे गेली होती कोण जाणे.

तर काम आहे. नोव्हेंबर आलाय. कट्ट्यावरच्या निम्म्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला व्हायचाय. दरवर्षी तुम्ही करून देता, यंदा ते बँकेत रांगा लावतायत, कारण तुम्हाला विचारायची त्यांना चोरी वाटते. जीवन प्रमाणचं, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचं, काम फोनवर, चेहरा दाखवून होतं, त्याला खुबा लागत नाही. पेन्शनचा पीपीओ नंबर आणि आधार घेऊन त्यांना सकाळी दहानंतर घरीच बोलवा. मी पाटीलकाकांना कळवलंय. तुम्ही नाही म्हणायच्या आत कळवलं, कारण तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

आई, रात्रीसाठी मावशी ठरवल्यात, पैसे मी आणि दादा निम्मे निम्मे देणार, त्यावर चर्चा नको. दुपारी वहिनी येतील. तेवढ्या वेळात तू घरातली कपाटं आवरत बसायचं नाहीस, भजनाला जायचं. शुक्रवारी रात्री महालक्ष्मीने निघते, शनिवारी पहाटे सांगलीत. स्टेशनवर कुणी यायला नको, मी रिक्षाने येईन. त्या दिवशी तुझी भिशी आहे ना? तू जा, जेवणाचं मी बघते. बाबांनी मात्र दाढी करून, मशीन लावून तयार राहावं. पाटीलकाका अकराला येतायत, आणि त्यांचा फोन जुना आहे, वेळ लागेल.

तुमची,
धाकटी